पंच कोणाचे? — झडती, पंचनामा आणि दलित आत्मकथन

मराठी गद्याचा इतिहास लिहिणाऱ्यांनी महानुभावांच्या गद्याची दखल घेतली, बखरींची घेतली, पेशवे दप्तरातल्या पत्रांचीही घेतली. पंचनाम्याची दखल मात्र कोणी घेतली नाही. खरे पाहता गावकुसाबाहेरच्या माणसाच्या घरात काय होते आणि काय नव्हते हे दलित आत्मकथने येण्यापूर्वी मराठीत कोणी लिहून ठेवले असेल, तर ते पोलीस ठाण्यातल्या लेखनिकाने. किती भांडी, किती चिंध्या, किती मडकी, मडक्यात काय, याची यादी त्यानेच केली. तेव्हा हा मजकूर कोणी लिहिला, कोणासाठी लिहिला आणि त्याखाली सह्या कोणाच्या घेतल्या, हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकाने विचारायला हवेत. या लेखात मी तेच करू पाहतो आहे. कायद्याचा मी जाणकार नाही. मराठीचा मास्तर आहे आणि एका पंचनाम्यावर माझीही सही आहे. ती हकीकत पुढे येईल.

पंचनाम्याची भाषा सर्वांना पाठ असते. ‘आम्ही खाली सह्या करणारे पंच, पोलिसांनी बोलावल्यावरून हजर राहून समक्ष पंचनामा लिहून देतो की’ अशी सुरुवात, ‘वाचून पाहिला, आमचे सांगणेप्रमाणे बरोबर आहे’ असा शेवट. मधल्या मजकुराचे मुख्य क्रियापद एकच : ‘मिळून आला’. मुद्देमाल मिळून आला. या वाक्याला कर्ता नाही. कोणाच्या हाताने मिळाला, शोधणाऱ्याचे हात आधी रिकामे होते काय, मिळण्याआधी घरात काय झाले, कोणाला मारले, पीठ कोणी सांडले, चूल कोणी विस्कटली, यातले काहीच त्या क्रियापदात मावत नाही. वस्तू जणू आपण होऊन पुढे येते आणि पंचांना दिसते. मराठीत कर्म आहे आणि कर्ता नाही असे इतके सोयीचे वाक्य दुसरे सापडणार नाही.

दलित आणि भटक्या-विमुक्तांच्या आत्मकथनांनी हा कर्ता परत आणला. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ १९८० साली आले, लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ १९८७ साली. ‘उचल्या’त पोलिसांच्या धाडी, घराची झडती, बायाबापड्यांना होणारी मारहाण, वडीलधाऱ्यांची हजेरी हे सारे पुन्हा पुन्हा येते. ते घराच्या आतून, भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या पोराच्या नजरेने येते. भीमराव गस्ती यांच्या ‘बेरड’मध्ये तर एका सबंध जमातीवरचा संशय हाच विषय आहे. त्याही आधी, १९५९ साली, अण्णा भाऊ साठे यांनी ‘फकिरा’त मांगांच्या हजेरीची व्यथा मांडली होती. पंचनाम्यात जो ‘सदर इसम’ असतो, तो या पुस्तकांत ‘मी’ होतो. मराठी साहित्यातली ही उलथापालथ शैलीपुरती नव्हती. एकाच घटनेचे दोन दस्तऐवज प्रथमच समोरासमोर उभे राहिले.

प्रस्थापित समीक्षेने या आत्मकथनांवर एक आक्षेप सतत घेतला : एकसुरीपणाचा. तेच दारिद्र्य, तेच पोलीस, तोच मार. मला या समीक्षकांना विचारायचे आहे की, पोलीस पुन्हा पुन्हा येत असतील तर लेखकाने त्यांना एकदाच आणावे काय? झडती हा ज्या घराचा नित्यनेम आहे, त्या घराच्या कथेत ती नित्यनेमानेच येणार. पंचनामेही तर एकाच साच्याचे असतात, पण त्या एकसुरीपणाबद्दल कोणाची तक्रार नाही. आमच्या मध्यमवर्गीय वाचकाची झडतीशी ओळख रहस्यकथेतून झाली. तिथे झडती ही रंगत वाढवणारी युक्ती असते, वस्तू सापडली की गोष्ट संपते आणि वाचक सुखाने झोपतो. आमच्याकडे वस्तू सापडो वा न सापडो, गोष्ट तिथून सुरू होते.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कारण आत्मकथनांत जे दिसते ते कायद्याच्या बाहेर घडते आणि कायदा नीट पाळला की प्रश्न सुटेल, असे आपले अनेक कार्यकर्तेही मानतात.

झडतीचे दोन रस्ते आहेत. पहिला न्यायालयातून जातो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम ९३ होते. १ जुलै २०२४ पासून तिची जागा घेतलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ९६ आहे. समन्स काढूनही अमुक माणूस कागद किंवा वस्तू हजर करणार नाही असे न्यायालयाला सकारण वाटले, किंवा वस्तू कोणाच्या ताब्यात आहे हेच ठाऊक नसले, तर झडतीचे वॉरंट निघते. चोरीचा माल अमुक जागी ठेवला आहे अशी खबर आली तर पुढच्या कलमाखाली दंडाधिकारी, काही चौकशी करावीशी वाटल्यास ती करून, वॉरंट देऊ शकतो. पोलीस अर्ज करतात, दंडाधिकाऱ्याने त्यातले कारण तपासायचे, जागा नेमकी सांगायची आणि मग सही करायची, अशी ही रीत. शिवाय ‘सर्वसाधारण झडतीने तपासाचे काम साधेल’ असे न्यायालयाला वाटले तर तशा मोघम वॉरंटलाही तिथे वाट ठेवली आहे.

दुसरा रस्ता न्यायालयाकडे जातच नाही. जुने कलम १६५, आताचे १८५. वॉरंट आणण्यात वेळ जाईल आणि वस्तू हातची जाईल असे तपासी अंमलदाराला वाजवी कारणाने वाटले, तर ते कारण आणि शक्य तितके वस्तूचे वर्णन आधी लिहून ठेवून तो स्वतः झडती घेऊ शकतो. हा अपवाद म्हणून घातलेला रस्ता आहे. तालुक्याच्या कोर्टात वकिली करणाऱ्या कोणालाही विचारा, वस्तीवरच्या झडत्या कोणत्या रस्त्याने येतात? वॉरंट हा कागद बंगल्याच्या दाराला दाखवायचा. आमच्या म्हाताऱ्यांना वॉरंट म्हणजे अटक एवढेच ठाऊक, कारण झडतीचा कागद त्यांनी कधी पाहिलेलाच नाही. आणि आधी लिहायचे ते कारण बहुधा नंतर लिहिले जाते.

पण एवढ्यावर थांबून ‘अंमलबजावणी वाईट, कायदा चांगला’ असे म्हणता येत नाही. कायद्याची वाक्ये कवितेसारखी एकेक शब्द घेऊन वाचली, तर त्यात एक घर दिसू लागते. झडतीच्या रीतीचे कलम, जुने १००, नवे १०३, सुरू होते ते ‘बंद’ जागेपासून. जागा बंद असेल तर राहणाऱ्याने वॉरंट पाहून दार उघडावे. म्हणजे कायद्याच्या मनातल्या घराला दार आहे, कडी आहे, मागणी करून उघडण्याजोगे काही आहे. पालाला काय आहे? एक गोधडी बाजूला सारली की झाले. दारच नाही, तर दाराशी थांबायचे कोणी आणि वॉरंट दाखवायचे कुठे?

पुढे बाईविषयी. रूढीप्रमाणे जी स्त्री लोकांसमोर येत नाही, तिच्या खोलीत शिरण्यापूर्वी पोलिसाने तिला बाहेर निघून जाण्याची सूचना द्यावी आणि त्यासाठी पुरेशी सवड द्यावी, असे कायदा सांगतो. ही तरतूद नव्या संहितेतही आहे. बाईच्या अंगाची झडती बाईनेच आणि सभ्यता राखून घ्यावी, हे सर्व स्त्रियांसाठी आहे. परंतु शिरण्याआधी थांबण्याची अदब मात्र पडद्यातल्या बाईसाठी. आमची आई उन्हातान्हात काम करते, लाकूडफाटा विकते, बाजारात बसते. तिला पडदा परवडला नाही, म्हणून कायद्याची ती अदबही तिच्या वाट्याला येत नाही. घरंदाजपणाची कल्पना अशी कलमात येऊन बसली आहे.

आणि तिसरा शब्द, ज्याच्यासाठी हा लेख लिहायला घेतला. झडतीपूर्वी अंमलदाराने त्या वस्तीतले दोन किंवा अधिक ‘स्वतंत्र आणि प्रतिष्ठित’ रहिवासी पंच म्हणून बोलवावेत. प्रतिष्ठित! पारध्याच्या पालावर प्रतिष्ठित कोण? मांगवाड्यात, वडारवाडीत, कैकाड्यांच्या तळावर अब्रूदार माणूस हुडकायला फौजदार जाईल काय? कायदा त्याची सोयही करतो. त्या वस्तीत असा माणूस मिळाला नाही किंवा तयार झाला नाही, तर दुसरीकडचा आणावा. ही सोय हेच आमच्या बाबतीत नियम होऊन बसले. पंच गावातून येतात. बहुधा ठाण्याच्या आसपासचे नेहमीचे चेहरे, कधी चहावाला, कधी पाटलाचा गडी, कधी ज्याची चोरी झाली त्याचाच भाऊबंद. म्हणजे ज्या गावाने वस्तीला वेशीबाहेर ठेवले, तेच गाव वस्तीच्या घरात काय मिळाले याचे साक्षीदार.

यामागे इतिहास आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने माणसाला जन्माने गुन्हेगार ठरवले, हजेरी लावली, सेटलमेंटच्या तारेत कोंडले. तो कायदा देशभर रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. पाठोपाठ राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्याचा १९५९ चा. कायद्याने जमातीचे नाव पुसले, पण ठाण्याच्या वहीतले कुठे पुसले? एखाद्या जमातीचा माणूस असणे हेच जिथे झडतीचे ‘वाजवी कारण’, तिथे तो स्वतः ‘प्रतिष्ठित रहिवासी’ कसा होणार? संशयित आणि प्रतिष्ठित हे शब्द आपल्या समाजात वेशीच्या दोन बाजूंना राहतात.

आता माझी सही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी एका आडगावच्या शाळेत होतो. थंडीचे दिवस, पहाट व्हायची होती. दारावर थाप पडली. हवालदार होता. “गुरुजी, चला जरा, पाच मिनिटांचं काम आहे. शिकलेला माणूस लागतो पंच म्हणून.” मी त्या गावातला नव्हतो, पण सरकारी पगाराचा होतो. माझ्या बापाला उभ्या आयुष्यात कोणी पंच म्हणून बोलावले नव्हते. खोटे कशाला बोलू, जीपमध्ये बसताना मनात भीती होती तशी थोडी फुशारकीही होती.

गावाबाहेर ओढ्याकाठी पारध्यांची तीन पाले होती. आम्ही पोहोचलो तेव्हा पाले आधीच उलटी झाली होती. चिंध्या, डबे, ज्वारीचे पीठ, सगळे मातीत. पाण्याची एक इलेक्ट्रिक मोटार दुसऱ्या जीपजवळ ठेवलेली. ती कुठून निघाली मी पाहिले नाही. दुसरा पंच गावातलाच, तो विडी ओढत उभा. पंचनामा लिहून तयार होता. त्यात होते : आमचे समक्ष पालाची झडती घेतली असता गोधड्यांखाली मोटार मिळून आली. मी विचारले, “ही मिळाली तेव्हा मी कुठं होतो साहेब?” फौजदार हसले. म्हणाले, “गुरुजी, आता आलात ना? मग झालं तर.” मी सही केली.

सही करताना मान वर केली, तर उलट्या पालाजवळ माझ्याच वर्गातला चौथीचा पोरगा उभा होता. त्याची आजी माझ्याकडे पाहत होती. ती एवढेच म्हणाली, “मास्तर, तू बी?” यादीची नक्कल त्या लोकांना कोणी दिली नाही. ती द्यावी लागते हे मलाही ठाऊक नव्हते. पोरगा पुन्हा शाळेत आला नाही. थोड्या दिवसांत पालेही तिथे नव्हती. त्या खटल्यात साक्षीला मला कोणी बोलावले नाही. बोलावले असते तर मी काय सांगितले असते, याचे उत्तर मी आजपर्यंत स्वतःला दिलेले नाही.

नंतर मी ते कलम वाचले. मी स्वतंत्र नव्हतो, कारण मला बदलीची भीती होती. मी त्या वस्तीचा रहिवासी नव्हतो. आणि प्रतिष्ठा? ती मला शिक्षणाने मिळाली होती, ते शिक्षण चळवळीने मिळाले होते, आणि ती मी पहिल्यांदा वापरली ती एका पालाच्या विरुद्ध. शिकलेल्या दलिताच्या मध्यमवर्गीय होण्याबद्दल आपण पुष्कळ लिहिले आहे. मला वाटते, त्या प्रवासातला एक मुक्काम असा असतो की ज्या दिवशी व्यवस्था आपल्याला पंच म्हणून बोलावते.

बाबासाहेबांना या प्रश्नाचे मोल ठाऊक होते. मार्च १९४७ मध्ये घटना समितीच्या उपसमितीपुढे त्यांनी जे निवेदन ठेवले, त्यात अमेरिकन घटनेच्या धर्तीवर एक कलम होते : माणसाचा देह, घर, कागदपत्रे, चीजवस्तू अवाजवी झडतीपासून सुरक्षित राहतील, सबळ कारण नसेल, ते शपथेवर सांगितलेले नसेल, जागा आणि वस्तू नेमक्या नमूद नसतील, तर वॉरंट निघणार नाही. हे कलम मूलभूत हक्क म्हणून हवे होते. वॉरंटवाचून झडतीच नाही असा याचा अर्थ झाला तर पोलिसांच्या तपासाला बाध येईल, असे बी. एन. राव यांचे म्हणणे पडले. अल्लादी कृष्णस्वामी अय्यर यांचाही विरोध होता. कलम गळाले. डिसेंबर १९४८ मध्ये घटना समितीत मध्यप्रांत-वऱ्हाडचे काझी सय्यद करीमुद्दीन यांनी तशीच दुरुस्ती मांडली. बाबासाहेब म्हणाले की ही तरतूद फौजदारी संहितेत आहेच. पण ती घटनेत आली तर उद्याच्या विधिमंडळाला तिला हात लावता येणार नाही, म्हणून दुरुस्ती स्वीकारायला आपण तयार आहोत. सभागृहात गडबड उडाली, मतदान पुढे ढकलले गेले आणि काही दिवसांनी दुरुस्ती फेटाळली गेली. घटनेचा शिल्पकार स्वीकारायला तयार होता, सभागृह नव्हते. आपल्या जयंतीच्या भाषणांत ही गोष्ट येत नाही. यायला हवी.

याचा परिणाम पुढच्या निकालांत दिसतो. १९५४ साली एम. पी. शर्मा खटल्यात आठ न्यायमूर्तींनी म्हटले की, घटनाकारांनी झडतीवर अमेरिकेसारखे घटनात्मक बंधन घातलेले नाही, मग ते मागच्या दाराने आणण्याचे कारण नाही. प्रकरण दालमिया-जैन समूहातल्या कंपनीचे होते. १९६२ साली खडकसिंग खटल्यात संशयिताच्या घरी रात्री-अपरात्री जाण्याचा उत्तर प्रदेश पोलिसांचा नियम रद्द झाला, परंतु बाकीची पाळत टिकली. १९७४ च्या पूरणमल प्रकरणात, प्राप्तिकराच्या झडतीबाबत, न्यायालयाने म्हटले की झडती बेकायदा असली तरी तिच्यात मिळालेला पुरावा तेवढ्याने बाद होत नाही. २०१७ च्या पुट्टस्वामी निकालात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आणि शर्मा निकालाचा तेवढा भाग मोडीत काढला. पण बेकायदा झडतीतला पुरावा चालतो, हे सूत्र राहिले. उद्योगपतींच्या आणि करदात्यांच्या झडत्यांवरून कायदा घडला आणि त्याचे ओझे पालावर येऊन पडले. पोलिसाने नियम मोडून वस्तू आणली तरी ती कोर्टात उभी राहणार असेल, तर नियम पाळण्याची त्याला गरज काय?

झडती फक्त पालावरच येते असे नाही. २८ ऑगस्ट २०१८ रोजी, एल्गार परिषदेच्या प्रकरणात, पुणे पोलिसांनी देशभर धाडी घातल्या. हैदराबादेत दलित साहित्याचे अभ्यासक प्रा. के. सत्यनारायण यांच्या घराची झडती झाली. देवांच्या तसबिरींऐवजी घरात आंबेडकर-फुल्यांच्या का, इतकी पुस्तके कशाला, पत्नीच्या कपाळी कुंकू का नाही, असे प्रश्न विचारले गेल्याची हकीकत या दांपत्याने वर्तमानपत्रांना सांगितली. ही कोणत्या वस्तूची झडती होती? गोव्यात आनंद तेलतुंबडे यांचे घर ते नसताना उघडले गेले. आणि त्याच दिवशीच्या अटकांबाबत, सर्वोच्च न्यायालयातल्या आपल्या भिन्नमतात न्या. चंद्रचूड यांनी नोंदवले की पोलिसांबरोबर आलेले पंच हे पुणे महानगरपालिकेचे कर्मचारी होते. दिल्लीतल्या घराला पुण्याचे पंच! सरकारी पगाराचा माणूस म्हणजे स्वतंत्र माणूस, ही समजूत ओढ्याकाठच्या माझ्या सहीपासून राजधानीपर्यंत एकच आहे.

नव्या संहितेच्या कलम १०५ ने झडतीचे चित्रण सक्तीचे केले आहे. जप्तीची यादी आणि पंचांच्या सह्यांसह सर्व चित्रित करून ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवायचे आहे. हे पाऊल चांगले आहे, ते नाकारू नये. परंतु कॅमेरा हाही एक पंचच आणि तो पोलिसाच्याच हातात आहे. तो पाले उलटी होण्याआधी सुरू झाला की नंतर, हे कॅमेरा सांगणार नाही. ते सांगायला माणूसच लागेल.

म्हणून शेवटी पंचाकडेच यावे लागते. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगातल्या जातिभेदाविषयीच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीने अटक होऊ नये असे पोलिसांना बजावले. निकाल वस्तीपर्यंत आपोआप चालत येत नाही. कार्यकर्त्यांनी, विद्यार्थ्यांनी, शिक्षकांनी काही गोष्टी तोंडपाठ कराव्यात. झडतीच्या वेळी घरच्या माणसाला हजर राहण्याचा हक्क आहे. पंचांच्या सह्यांची यादी त्याला मिळालीच पाहिजे. विनावॉरंट झडतीची कारणे दंडाधिकाऱ्याकडे अठ्ठेचाळीस तासांच्या आत गेली पाहिजेत आणि अर्ज केल्यास त्यांची नक्कल फुकट मिळते. लेखी हुकूम मिळूनही वाजवी कारणावाचून पंच म्हणून जायला नकार देणे हा गुन्हा आहे. मग नकार कशाला द्यायचा? बोलावले तर जावे. न बोलावता वस्तीतल्याच शिकलेल्या पोराने पुढे होऊन म्हणावे की मी इथला रहिवासी आहे, मी पंच होतो. मात्र लिहिलेले वाचल्याशिवाय आणि पाहिलेले असल्याशिवाय सही करू नये. जे पाहिले नाही ते ‘मी पाहिले नाही’ असे त्याच कागदावर लिहावे.

दलित साहित्याने ‘सदर इसमा’ला ‘मी’ म्हणायला शिकवले. आता पंचनाम्यातल्या ‘आम्ही खाली सह्या करणारे’ या शब्दांतला ‘आम्ही’ आपल्याला घ्यायचा आहे. माझ्या सहीचा तो कागद कुठल्या तरी दप्तरात पडून असेल किंवा वाळवीने खाल्ला असेल. चौथीतला तो पोरगा आज चाळिशीच्या पुढे असेल. कुठल्या तरी गावाबाहेर त्याचे पाल असेल, नशीब बरे असेल तर घर असेल. तिथे झडती आली तर पंच कोण असेल, एवढाच माझा प्रश्न आहे.